थंड, काळोख्या समुद्रात प्रवाळ कसं वाढतं?

नॉर्वेच्या उत्तर भागात, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे, लोफोटेन नावाची बेटांची रांग आहे. तिच्या टोकाला असलेल्या रोस्ट बेटांच्या पश्चिमेला, समुद्रात ३०० ते ४०० मीटर खोलीवर, एक प्रवाळभित्ती पसरलेली आहे. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी तीन किलोमीटरपर्यंत. ती सापडली २००२ साली. सूर्याचा किरण तिथवर पोहोचत नाही आणि पाणी बारा महिने थंडगार असतं. तरीही पांढऱ्या-केशरी फांद्यांची दाट झुडपं तिथे उभी आहेत आणि त्यांच्या आडोशाने मासे, खेकडे, स्पंज, समुद्रतारे राहतात. ईशान्य अटलांटिकमधल्या अशा भित्तींवर आजवर १,३०० हून अधिक जातींच्या जिवांची नोंद झाली आहे.

प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लक्षद्वीप किंवा अंदमान येतं. उबदार, उथळ, नितळ पाणी आणि वर लख्ख ऊन. त्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. खोल समुद्रातल्या प्रवाळांना हा आधार नाही. काळोखात शैवाल जगू शकत नाही. या प्रवाळाचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे फांदीच्या टोकाशी बसलेला फुलासारखा छोटा प्राणी, आपल्या शुंडकांनी प्रवाहातून येईल ते पकडून खातो. त्यात बारीक कोळंबीवर्गी जीव असतात आणि वरच्या थरातून खाली झिरपणारा मेलेल्या प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा, चुरा असतो. हे प्रवाळ म्हणजे निसर्गातला एखादा दुर्मीळ अपवाद, असं मात्र समजू नका. जगात माहीत असलेल्या प्रवाळ जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती ५० मीटरपेक्षा खोल पाण्यात राहतात. आपण जी पाहतो, ज्यांचे फोटो काढतो, ती संख्येने कमीच आहेत.

रोस्टची भित्ती ज्याने बांधली त्या प्रवाळाचं नाव लोफेलिया पर्टुसा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्येच या जातीची शास्त्रीय नोंद केली होती. नॉर्वेच्या मच्छीमारांना तर ती आणखी आधीपासून ठाऊक होती, कारण तिचे तुकडे त्यांच्या गळांना आणि जाळ्यांना अडकून वर येत. २०१६ मध्ये जनुकीय अभ्यासानंतर तिचं नाव बदलून डेस्मोफायलम पर्टुसम करण्यात आलं. मी इथे लोफेलिया हेच जुनं नाव वापरतो, कारण या विषयातल्या बहुतेक लेखनात तेच भेटतं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा मऊ, बोटाच्या पेराएवढाही नसलेला प्राणी दगडासारखा सांगाडा कशातून उभारतो? आणि समुद्राच्या पाण्याचा रासायनिक स्वभाव बदलला, तर त्याच्या बांधकामाचं काय होतं?

पाण्यातला कच्चा माल

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडी, शिंपले, खडू हे सगळं मुळात तेच. लोफेलियासारखी दगडी प्रवाळं या कॅल्शियम कार्बोनेटचे अरागोनाइट नावाचे स्फटिक बनवतात. दोन घटक लागतात: कॅल्शियम आणि कार्बोनेट.

कॅल्शियमची समुद्रात ददात नाही. एका लिटर पाण्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असतं आणि जगभर हे प्रमाण जवळजवळ सारखंच राहतं. अडचण सगळी कार्बोनेटची आहे. समुद्रात विरघळलेला अजैविक कार्बन तीन रूपांत वावरतो. पृष्ठभागाजवळ त्यातला साधारण ९० टक्के बायकार्बोनेट असतो, नऊ-दहा टक्के कार्बोनेट आणि एखादा टक्का विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. ही तीन रूपं एकमेकांत सतत बदलत असतात आणि त्यांच्यातला तोल पाण्याच्या आम्लतेवर ठरतो. पाण्यात हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युतभारित अणू, वाढले, की ते कार्बोनेटला गाठतात आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. म्हणजे कार्बनचं एकूण प्रमाण कमी झालं नाही, तरी प्रवाळाच्या कामाचा वाटा घटतो.

आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हेच घडतं आहे. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते कार्बोनेट खर्ची घालतात. औद्योगिक क्रांतीआधी हवेत या वायूचं प्रमाण दहा लाख भागांत २८० होतं. आज ते ४२० च्या पुढे गेलं आहे. दरवर्षी माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. तेवढं तापमान कमी वाढतं, हा आपला फायदा. त्याची किंमत समुद्र मोजतो. पृष्ठभागाचा सरासरी पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त), ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. ०.१ चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजपट्टी दर एका अंकाला दहापट उडी घेणारी आहे. त्यामुळे या छोट्या घसरणीचा अर्थ हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले, असा होतो. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे. तो आम्ल झालेला नाही, आम्लतेच्या दिशेने सरकतो आहे.

संपृक्तता म्हणजे काय

या विषयाचा सगळा डोलारा एका कल्पनेवर उभा आहे, तेव्हा ती नीट समजून घेऊ. खडीसाखर करताना घट्ट पाकात दोरा सोडतात. पाकात साखर जास्त झालेली असते, म्हणून दोऱ्यावर स्फटिक धरतात आणि हळूहळू मोठे होतात. तोच खडा साध्या पाण्यात टाकला तर विरघळतो. या दोन टोकांमध्ये कुठेतरी एक बिंदू असतो, जिथे खडा वाढतही नाही आणि विरघळतही नाही. समुद्राचं पाणी हा अरागोनाइटसाठी असाच पाक आहे. त्याचा घट्टपणा शास्त्रज्ञ एका आकड्यात मोजतात. आकडा १ पेक्षा जास्त असेल तर पाणी अतिसंपृक्त, तिथे अरागोनाइट टिकतं. १ पेक्षा कमी असेल तर पाणी असंपृक्त, तिथे उघडं पडलेलं अरागोनाइट विरघळू लागतं.

उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागावर हा आकडा तीन-चारच्या घरात असतो. ईशान्य अटलांटिकमधल्या खोल प्रवाळांच्या भोवती तो साधारण दीड ते दोन. म्हणजे ही प्रवाळं मुळातच काठावर राहतात.

असं का, याची कारणं थंडी, दाब आणि सडणं ही आहेत. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे, ते थंड पाण्यात जास्त विरघळतं. शिवाय थंड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइडही अधिक सामावून घेतं. दाब दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणजे रोस्टच्या खोलीवर तो पृष्ठभागाच्या तीस-चाळीस पट, आणि दाब वाढला की हे खनिज आणखी सहज विरघळतं. त्यात वरून खाली पडणारं सगळं जैविक द्रव्य खोल पाण्यात कुजतं. कुजताना जिवाणू प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोल पाणी जितकं जुनं, तितका हा साठा मोठा.

म्हणून कुठल्याही समुद्रात खाली उतरत गेलं, की एका पातळीला तो आकडा १ वर येतो. तिला संपृक्ततेची सीमा म्हणतात. तिच्या वर अरागोनाइट सुखरूप, खाली धोक्यात.

अटलांटिक श्रीमंत, पॅसिफिक गरीब

ही सीमा सगळीकडे सारख्या खोलीवर नसते आणि मला या विषयातला सर्वांत मोहक भाग हाच वाटतो. ग्रीनलंड-आइसलंडच्या परिसरात पृष्ठभागाचं पाणी थंड आणि जड होऊन तळाकडे बुडतं. हे पाणी ताजं असतं, हवेशी त्याची भेट नुकतीच झालेली असते, त्यात प्राणवायू भरपूर आणि कुजण्यातून आलेला कार्बन डायऑक्साइड कमी. तिथून ते दक्षिणेकडे सरकतं, अंटार्क्टिकाला वळसा घालतं आणि शेवटी पॅसिफिकच्या उत्तर टोकाला पोहोचतं. या प्रवासाला हजारभर वर्षं लागतात. वाटेत पूर्ण वेळ त्यात वरून पडणारा चुरा कुजत राहतो. त्यामुळे उत्तर पॅसिफिकमधलं खोल पाणी हे जगातलं सर्वांत म्हातारं आणि कार्बन डायऑक्साइडने सर्वाधिक लादलेलं पाणी आहे.

परिणाम असा, की उत्तर अटलांटिकच्या मोठ्या भागात अरागोनाइटच्या संपृक्ततेची सीमा २,००० मीटरपेक्षा खोल आहे, तर उत्तर पॅसिफिकमध्ये ती काहीशे मीटरवरच लागते, काही ठिकाणी तर शंभर मीटरच्या आसपास. आता खोल प्रवाळभित्तींचा जगाचा नकाशा पाहा. नॉर्वे, स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिकेचा आग्नेय किनारा. जानेवारी २०२४ मध्ये याच आग्नेय किनाऱ्यापासून दूर, ब्लेक पठारावर, सुमारे ५०० किलोमीटर लांब आणि कमाल ११० किलोमीटर रुंद अशा खोल प्रवाळक्षेत्राचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात प्रवाळांचे ८३,९०८ उंचवटे मोजले गेले. हे सगळं अटलांटिकमध्ये आहे. उत्तर पॅसिफिकमध्ये दगडी प्रवाळांच्या भित्ती अगदी तुरळक.

२००६ मध्ये एका अभ्यासगटाने भित्ती बांधणाऱ्या खोल प्रवाळांची तेव्हा माहीत असलेली ४१० ठिकाणं घेऊन ती संपृक्ततेच्या नकाशावर ठेवली. औद्योगिक काळाआधीच्या परिस्थितीत त्यांतली ९५ टक्क्यांहून अधिक ठिकाणं अतिसंपृक्त पाण्यात होती. उत्सर्जन तसंच वाढत राहिलं, तर २०९९ पर्यंत यांतली सुमारे ७० टक्के असंपृक्त पाण्यात जातील, असा त्यांचा अंदाज होता.

नकाशा आणि रसायनशास्त्र इतकं चपखल जुळलं की प्रकरण संपल्यासारखं वाटतं. पण २०१७ मध्ये हवाईच्या वायव्येला असलेल्या समुद्री पर्वतांवर, ५३५ ते ७३२ मीटर खोलीवर, दगडी प्रवाळांच्या भित्ती सापडल्याचं जाहीर झालं. तिथला संपृक्ततेचा आकडा काही ठिकाणी ०.७ पर्यंत खाली होता. हिशेबाने तिथे भित्ती असायलाच नको होती. अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळही दाट प्रवाळबागा आहेत, पण त्यांचं गूढ थोडं सोपं आहे. तिथे दगडी प्रवाळं फारशी नाहीत. तिथल्या बऱ्याच प्रवाळांचा सांगाडा कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचा, असतो आणि कॅल्साइट अरागोनाइटपेक्षा उशिरा विरघळतं. हवाईजवळच्या भित्तींना मात्र हे उत्तर लागू पडत नाही. त्यासाठी प्रवाळाच्या आत डोकवावं लागतं.

कातडीखालचा कारखाना

प्रवाळ आपला सांगाडा थेट समुद्राच्या पाण्यात बांधत नाही. त्याच्या मऊ पेशींचा तळचा थर आणि आधीचा सांगाडा यांच्यामध्ये अगदी अरुंद, केसाहूनही कितीतरी बारीक अशी जागा असते. तिथे थोडासा द्रव असतो आणि स्फटिक त्या द्रवात जमतात. बाहेरचं पाणी कसंही असो, आतल्या द्रवाचा घट्टपणा वाढवायचा, ही प्रवाळाची खरी करामत.

त्यासाठी पेशींच्या आवरणात पंप असतात. हे पंप एक कॅल्शियम आयन आत ढकलतात आणि बदल्यात दोन हायड्रोजन आयन बाहेर काढतात. हायड्रोजन कमी झाला की आतला पीएच वाढतो. पीएच वाढला की बायकार्बोनेटचं पुन्हा कार्बोनेट होतं. समुद्रात जी क्रिया प्रवाळाच्या विरोधात चालली आहे, तीच तो आपल्या कातडीखाली उलटी फिरवतो.

हे कळलं कसं? त्या अरुंद जागेत पीएच मोजण्याचं यंत्र घालणं अतिशय अवघड. पण सांगाड्यातच त्याची नोंद राहते, बोरॉनच्या रूपाने. समुद्रात बोरॉन दोन रूपांत असतो, बोरिक आम्ल आणि बोरेट. पीएच वाढेल तसं बोरेटचं प्रमाण वाढतं. बोरॉनचे एक हलका आणि एक जड असे दोन स्थिर समस्थानिक आहेत, आणि ते या दोन रूपांत असमान वाटले जातात. ही वाटणीही पीएचनुसार ठरते. सांगाडा घडताना त्यात मुख्यतः बोरेट अडकतं. मग सांगाड्याचा चिमूटभर भुगा घेऊन त्यातल्या जड आणि हलक्या बोरॉनचं गुणोत्तर मोजलं, की तो स्फटिक ज्या द्रवात जमला त्याचा पीएच काढता येतो. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या प्रवाळाचाही.

२०१२ मध्ये या पद्धतीने केलेल्या मोजणीत असं दिसलं, की उष्ण पाण्यातली प्रवाळं आतला पीएच समुद्राच्या तुलनेत साधारण ०.३ ते ०.५ ने वाढवतात, तर थंड पाण्यातली ०.६ ते ०.८ ने. म्हणजे या प्रवाळांच्या आतल्या द्रवात हायड्रोजन आयन बाहेरच्या मानाने चार ते सहा पट कमी असतात. ज्यांच्याकडे शैवालाची मदत नाही, ऊन नाही, उबदार पाणी नाही, तीच प्रवाळं जास्त जोराने पंप चालवतात.

अर्थात हे फुकट नाही. प्रत्येक फेरीला ऊर्जा लागते. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन जितके जास्त, तितका त्यांना बाहेर ढकलायला जोर जास्त. ही ऊर्जा अन्नातून येते आणि तेवढी वाढ, प्रजनन, जखमा भरणं यांच्या वाट्याची कमी होते.

प्रयोगशाळेत काय दिसलं

प्रयोगांचे निकाल पहिल्यांदा वाचताना गोंधळ उडतो. २००९ मध्ये स्कागेराक सामुद्रधुनीतली लोफेलिया घेऊन जहाजावरच एक प्रयोग झाला. पाण्याचा पीएच ०.१५ ने उतरवला तर सांगाडा बनवण्याचा वेग ३० टक्क्यांनी घटला. ०.३ ने उतरवला तर ५६ टक्क्यांनी. तीन वर्षांनी जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या कालावधींचे प्रयोग केले. एका आठवड्याच्या प्रयोगात वेग चौथ्या हिश्शाहून अधिक घटला. सहा महिन्यांच्या प्रयोगात मात्र घट दिसली नाही. पाणी असंपृक्त असतानाही प्रवाळ वाढत राहिलं.

बऱ्याच जणांनी यातून 'चला, प्रवाळ जुळवून घेतं' असा सुटकेचा निःश्वास टाकला. मला ते घाईचं वाटतं, आणि कारण २०१५ च्या एडिंबरा इथल्या हेरियट-वॉट विद्यापीठाच्या प्रयोगात आहे. त्यांनी लोफेलियाला वर्षभर वाढीव कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवलं. जिवंत प्रवाळं वाढली, वजनातली भर फारशी कमी झाली नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली नव्या सांगाड्यातल्या स्फटिकांची मांडणी विस्कळीत दिसली आणि नव्या फांद्या लांब पण सडपातळ झाल्या होत्या. त्याहून गंभीर गोष्ट मेलेल्या फांद्यांमध्ये दिसली. ज्या सांगाड्यावर जिवंत पेशींचं आवरण उरलेलं नव्हतं, तो २० ते ३० टक्क्यांनी कमकुवत झाला होता.

इथे माझ्या मते खरा मुद्दा आहे आणि तो सहसा बातम्यांत येत नाही. लोफेलियाच्या भित्तीचा जिवंत भाग म्हणजे फक्त वरचा थर, फांद्यांची टोकं. त्याखाली आधीच्या पिढ्यांच्या मेलेल्या फांद्यांचा सांगाडा असतो, एकमेकांत गुंतलेला, पोकळ्यांनी भरलेला. जिवंत प्रवाळ त्याच्या खांद्यावर उभं असतं. प्रवाहात उंच राहिलं तरच अन्न मिळतं, आणि ती उंची मेलेला सांगाडा देतो. त्या १,३०० जातींपैकी बहुतेकांचा निवाराही तोच. जिवंत पॉलिप पंप चालवून स्वतःच्या कातडीखालचा स्फटिक सांभाळतो. मेलेल्या फांदीला ना कातडी, ना पंप. तिचं भवितव्य सरळ बाहेरच्या पाण्याच्या हातात असतं.

पाणी असंपृक्त झालं की उघड्या सांगाड्यात सूक्ष्म पोकळ्या वाढतात. सांगाडा पोखरणारे स्पंज आणि बुरशी त्याला आधीच पोखरत असतात, त्यांचं काम सोपं होतं. पायाशी जाडी कमी झालेल्या फांद्या वरचा भार पेलू शकत नाहीत, मोडतात आणि भित्तीची उंची, तिच्यातल्या पोकळ्या, आडोसे कमी होत जातात. वर प्रवाळ जिवंत असेल, वाढतही असेल, पण ती भित्ती राहणार नाही, सुट्या झुडपांचा विखुरलेला पट्टा उरेल.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, जिथे संपृक्ततेची सीमा उथळ आहे, तिथे लोफेलिया असंपृक्त पाण्यात जगते आहे. तिथे जिवंत वसाहती दिसतात, पण त्यांच्याखाली मेलेल्या फांद्यांचा मोठा डोलारा नाही. अटलांटिकमधल्यासारख्या भित्ती तिथे उभ्याच राहिलेल्या नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण आयर्लंडजवळ आहे. तिथल्या समुद्रतळावरच्या पोर्क्युपाइन खोऱ्यात चॅलेंजर नावाची टेकडी आहे, प्रवाळांचे सांगाडे आणि त्यांच्यात अडकलेला गाळ यांनी बनलेली. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन मोहिमेने तिला आरपार भोक पाडून नमुने काढले. टेकडीची उंची १५५ मीटर निघाली आणि तिची सुरुवात सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची. हिमयुगं आली, गेली, प्रवाळं मध्येच नाहीशी झाली, परत आली आणि जुन्याच सांगाड्यांवर पुन्हा वाढली. मेलेला सांगाडा टिकला म्हणून हे शक्य झालं.

नुसतं संपृक्ततेने भागत नाही

ज्याच्या पोटात अन्न आहे तो प्रवाळ जास्त वेळ पंप चालवू शकतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मिंग्युले इथे भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे पृष्ठभागाचं अन्नाने भरलेलं पाणी ठरावीक वेळाने थेट खाली भित्तीवर उतरतं, तिथली लोफेलिया त्यावर पोसते. हवाईजवळच्या पर्वतांवरही अन्नाचा पुरवठा चांगला असावा, हे तिथल्या भित्तींच्या अस्तित्वाचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

प्राणवायूचं गणितही असंच अन्नाशी बांधलेलं आहे. अंगोलाच्या किनाऱ्याजवळ लोफेलियाच्या जिवंत भित्ती आहेत, आणि तिथल्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू जेमतेम ०.६ ते १.५ मिलिलिटर. नॉर्वेजवळ तो याच्या कितीतरी पट असतो. तरी ती जगतात, कारण तिथे वरून अन्न भरपूर येतं. त्याच किनाऱ्याने दक्षिणेला नामिबियाकडे गेलं की प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. तिथे भित्ती आहेत, पण मेलेल्या. काही हजार वर्षांपूर्वी त्या जिवंत होत्या. अन्नानेही भरून न निघणारी मर्यादा असते, ती तिथे दिसते.

आपल्या अरबी समुद्राचं चित्र या सगळ्याच्या जवळचं आहे. साधारण १५० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत तिथे प्राणवायूची तीव्र टंचाई असलेला जाड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वर प्लवक उदंड वाढतं, ते मरून खाली कुजतं, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणजे थंड पाण्यातलं प्रवाळ ज्या खोलीवर राहिलं असतं, नेमक्या तिथेच श्वास घ्यायला प्राणवायू नाही आणि संपृक्ततेची सीमाही अटलांटिकच्या मानाने खूप वर. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवरचं आंग्रिया पठार प्रवाळांनी समृद्ध आहे, पण ती उथळ, उन्हातली प्रवाळं आहेत. रोस्टसारखी भित्ती तिथे का नाही, याचं उत्तर त्याच्या कडेखालच्या खोल पाण्यात आहे.

तापमानवाढ या सगळ्यात दोन बाजूंनी भर घालते. पाणी कोमट झालं की प्राण्याची भूक वाढते, कारण शरीराचे सगळे व्यवहार वेगाने चालतात. आणि पृष्ठभाग तापला की वरचे-खालचे थर मिसळेनासे होतात, वर प्लवकांना पोषकद्रव्यं कमी मिळतात, खाली झिरपणारं अन्न घटतं. पंपासाठी ऊर्जा जास्त हवी असतानाच शिधा कमी पडतो.

सीमा किती वेगाने वर येते आहे

अटलांटिकची श्रीमंती ताज्या पाण्यामुळे आहे, आणि आज तीच त्याची कमजोरी ठरते आहे. पृष्ठभागाचं पाणी तिथे बुडतं, म्हणजे आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइडही त्याच्याबरोबर खाली जातो. पॅसिफिकच्या तळाला आजचं प्रदूषण पोहोचायला शतकं लागतील. ग्रीनलंडजवळ ते काही वर्षांत पोहोचतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९९१ ते २०१६ या काळातली मोजमापं तपासली. ग्रीनलंडच्या आग्नेयेला असलेल्या इर्मिंगर समुद्रात संपृक्ततेची सीमा दरवर्षी १० ते १५ मीटरने वर येत होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधीच्या दुप्पट झाला, तर उत्तर अटलांटिकच्या त्या भागात ही सीमा १,००० ते १,७०० मीटरने वर येऊ शकते, आणि ते पुढच्या तीन दशकांत घडू शकतं, असं त्यांनी मांडलं.

आता याच्या शेजारी प्रवाळाचा वेग ठेवा. लोफेलियाची एक फांदी वर्षाला पाच ते पंचवीस मिलिमीटर लांब होते. पण भित्तीची उंची, मोडतोड आणि झीज वजा जाता, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरनेच वाढते. नॉर्वेच्या भित्ती शेवटच्या हिमयुगातला बर्फ मागे हटल्यानंतर, आठ-नऊ हजार वर्षांत उभ्या राहिल्या.

नॉर्वेने १९९९ मध्ये प्रवाळभित्तींवर तळ खरवडणारी ट्रॉलजाळी ओढण्यावर बंदी घातली. तोवर तिथल्या भित्तींपैकी ३० ते ५० टक्के भागाची हानी झाली असावी, असा अंदाज होता. स्कॉटलंडच्या वायव्येकडचे डार्विन उंचवटे १९९८ मध्ये सापडले आणि २००३ मध्ये तिथेही ट्रॉलिंग थांबवण्यात आलं. २०२२ मध्ये युरोपीय संघाने ईशान्य अटलांटिकमध्ये ८७ क्षेत्रं तळाच्या मासेमारीसाठी बंद केली. या बंद्या मला फार मोलाच्या वाटतात. ट्रॉल नेमका तोच मेलेला सांगाडा चिरडतो, जो नव्या पाण्यात परत बांधला जाण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.

मात्र कुठली क्षेत्रं आधी राखायची, हे ठरवताना रसायनशास्त्राचं ऐकायला हवं. सीमा तळाकडून वर येते. त्यामुळे खोल टेकड्या आधी तिच्याखाली जातील आणि उथळ भित्तींना सर्वांत जास्त वेळ मिळेल. नॉर्वेच्या ट्रोन्डहाइम फियोर्डमध्ये (फियोर्ड म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेली अरुंद खाडी) टाउट्रा इथे लोफेलिया फक्त ३९-४० मीटरवर आढळते, जगातली ही तिची सर्वांत उथळ भित्ती मानली जाते. फियोर्डमधल्या आणि किनाऱ्यालगतच्या अशा भित्तींवर सांडपाणी, गाळ, बांधकाम, मत्स्यशेतीचा कचरा यांचा ताण सर्वाधिक असतो, कारण त्या माणसाच्या सर्वांत जवळ आहेत. वाढीव आम्लतेच्या पाण्यात पंप चालवायला ज्या प्रवाळांना पुढची काही दशकं मिळणार आहेत, त्यांच्यावरचा हा ताण स्थानिक निर्णयांनी कमी करता येतो. तो आधी कमी करावा.